कीर मॅडमची पाऊणकी

कीर मॅडमचं मनगटी घड्याळ सहा मिनिटं मागे होतं. ते मागे आहे हे त्यांना ठाऊक होतं, आम्हाला ठाऊक होतं, कॉलेजच्या शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या वर्षाला असताना, नवीनच शहाणपण आल्यामुळे, मी एकदा हात पुढे करून म्हटलं, "द्या मॅडम, लावून देते."

त्यांनी मनगट मागे घेतलं. "कशाला? किती मागे आहे ते मला माहीत आहे. रोज तेवढंच मागे असतं. म्हणजे ते बरोबरच आहे. तुझं कसं आहे?"

"माझं अगदी बरोबर आहे."

"कशावरून?"

मोबाईल काढून ताडून पाहावं तर तेवढ्यात तास सुरू झाला. जाता जाता त्या म्हणाल्या, "माहीत असलेली चूक ही चूक नसते गो, ती वजा करता येते. माहीत नसलेलीच माणसाचा घात करते." मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं, कारण परीक्षेत येईल असं वाटलं. परीक्षेत नाही आलं. दुसरीकडे आलं, ते पुढे सांगतेच.

मी संगमेश्वराकडची. आमच्या गावात पाणी म्हणजे एक तर पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, नाही तर विहिरीचं. रत्नागिरीला आत्याकडे राहून बीएस्सी करायला आले तेव्हा समुद्र मी शाळेच्या सहलीत दोनदा पाहिलेला. फिजिक्स घेतलं तेही केमिस्ट्रीच्या वासानं डोकं धरतं म्हणून. अशा थोर कारणांनी विज्ञानाकडे वळलेल्या मुलीला कीर मॅडम भेटल्या.

दिसायला लहानखुऱ्या, चालणं तुरुतुरु, आणि आवाज मात्र धक्क्यावरून होडीतल्या माणसाला हाक मारण्यासाठी घडवलेला. वडील तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य, काळबादेवीचे. मोठ्या होडीवर पंचवीस-तीस वर्षं तांडेलकी करून आता घरी बसलेले. "आमच्याकडे हळू बोललं तर बापूस समुद्रात राहतो," असं मॅडम सांगायच्या. मागच्या बाकावर पेंगणारा पोरगा त्यांच्या 'प्रवेग' शब्दानं दचकून जागा व्हायचा. बारा महिने पायात प्लास्टिकच्या पावसाळी चपला. का, असं विचारलं तर म्हणायच्या, "आठ महिने मिरवण्यासाठी आणखी एक जोड सांभाळा, धुवा, शोधा. कोणी सांगितलंय?"

त्या आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर होत्या. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर प्राध्यापक, घंटा झाली की कोणी नाही. दर जूनला नव्यानं अर्ज, नव्यानं नेमणूक. मॅडमची अशी नऊ वर्षं झाली होती. आम्ही तिसऱ्या वर्षाला आलो त्या सुमारास विभागात एक कायम जागा भरणार असं ऐकू येऊ लागलं. विभागप्रमुख सावंत सर निवृत्तीला टेकलेले, स्वभावानं मऊ. ते प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून आम्हा मुलांसमोरच त्यांना म्हणाले, "नंदा, शिकवतेस चांगलं हे मला माहीत आहे, मुलाखत घेणाऱ्यांना नाही. मुलांकडून एखादं काम करून घे, विद्यापीठाच्या संमेलनापर्यंत पोचव. हातात दाखवायला काहीतरी हवं." त्यामुळे त्या जागेत मॅडमचं काय अडकलंय ते आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आम्हाला काही कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

आमच्या कॉलेजात भौतिकी मंडळ नावाची एक गोष्ट होती. मॅडम येण्यापूर्वी तिचं काम वर्षातून दोनदा चालायचं: एकदा उद्घाटनाला नारळ फुटायचा, एकदा भित्तिपत्रक लागायचं, त्यावर शास्त्रज्ञाचं चित्र आणि खाली ज्याचं अक्षर चांगलं त्याचं नाव. मॅडमनी नारळ ठेवला, भित्तिपत्रक ठेवलं, आणि दर गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेत बैठक सुरू केली. अट एकच. येताना पुस्तकात नसलेला एक प्रश्न आणायचा. ज्याच्याकडे प्रश्न नाही त्यानं कप विसळायचे. चहा मोठ्या बीकरमध्ये व्हायचा आणि चिमट्यानं ओतला जायचा. हे नियमात बसत नव्हतं, पण सावंत सरही एक कप घेत असल्यामुळे नियम गप्प होता.

पहिले सहा गुरुवार मी कप विसळले. सातव्या गुरुवारी चिडून विचारलं, "मॅडम, चिऱ्याच्या भिंतीचं घर उन्हाळ्यात गार लागतं आणि सिमेंटचं का तापतं?" मला वाटलं आता उत्तर मिळेल. मॅडमचा चेहरा उजळला आणि त्या म्हणाल्या, "गार लागतं? मोजलंस की मानलंस?"

हे त्यांचं पालुपद. मोजलंस की मानलंस. पेपर सोपा होता म्हणावं, मोजलास की मानलास. आज गर्दी फार आहे म्हणावं, मोजलीस की मानलीस. एकदा आमचा अक्षय वैतागून म्हणाला, "मॅडम, माझं डोकं दुखतंय, आणि हे मी मोजलेलं नाही." तेव्हा मॅडम हसून हसून बाकावर बसल्या आणि त्याला घरी जायला परवानगी मिळाली.

अक्षय हेदवीचा. उंच, आळशी, हुशार. त्यानंच तो प्रश्न आणला. "आमचे आजोबा घड्याळ न बघता भरतीची वेळ सांगतात. म्हणतात, तिथीची पाऊणकी करायची. आज चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणून तीन वाजता भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. हे खरं आहे का?"

आम्ही मुलं हसलो, कारण पाऊणकी हा पाढा आमच्यापैकी कोणालाच येत नव्हता. मॅडम हसल्या नाहीत. त्या उभ्या राहिल्या आणि एका दमात "एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन" असं पंधरापर्यंत म्हणून दाखवलं. "आमचे बाबाही हेच करतात. जन्मभर होडी त्यावर काढली आणि लावली. खरं आहे का म्हणून मीही कधी विचारलं नाही. बघ, मीही मानलेलंच."

"मोबाईलवर येते की मॅडम भरतीची वेळ," कोणीतरी म्हणालं.

"मोबाईलला कोणी सांगितली?"

त्या गुरुवारी आमचं संशोधन ठरलं. तिथीची पाऊणकी खरी किती आणि कुठे चुकते ते मोजायचं. काम करणारे दोघं, अक्षय आणि मी.

काळबादेवीच्या खाडीतल्या छोट्या धक्क्याला आम्ही प्लास्टिकचा जाड पाइप उभा बांधला. खाली भोकं, म्हणजे पाणी आत येईल पण लाटा येणार नाहीत. आत थर्माकोलचा तरंगता गोळा, त्यावर बारीक काठी, आणि वर रंगवलेली पट्टी. पाणी चढलं की काठी चढते. भरतीच्या सुमारास जाऊन बसायचं, दर पाच मिनिटांनी काठी कुठे आहे ते लिहायचं, आणि चढून उतरायला लागली की मधली वेळ ती भरतीची वेळ. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी भरती असली तर मॅडम बघणार, दुपारची असली तर आम्ही दोघं पाळीपाळीनं. श्रावणापासून कार्तिकापर्यंत एक दिवसही चुकवायचा नाही असं ठरलं.

आम्ही पाइप बांधत होतो तेव्हा मॅडमचे बाबा धक्क्यावर येऊन उभे राहिले. उघडे, खांद्यावर पंचा, कमरेवर हात. बराच वेळ बघून म्हणाले, "काय गो नंदे, समुद्राला पट्टी लावतेस?"

"तुमची पाऊणकी तपासतोय, बाबा."

"माझी? माझी कशी? माझ्या आजाची हाय ती." मग माझ्याकडे वळून, "आणि पोरी, चुकली तर काय करशील? समुद्राला सांगशील काय, बाबा रे, तुझा पाढा चुकतोय?"

"नाही आजोबा, पाढा बदलू."

म्हातारा खूश झाला. त्या दिवसापासून मी गेले की काही ना काही खायला मिळायचं. त्यांना एकच गोष्ट पटत नव्हती, ती म्हणजे कॅलेंडर. मी तिथी बघायला कॅलेंडर काढलं की ते तोंड फिरवायचे. "समुद्र काय कॅलेंडर बघून येतो? कॅलेंडर समुद्र नि चंद्र बघून केलंय कोणीतरी."

मॅडम धक्क्यावर वेगळ्याच दिसायच्या. ओढणी कमरेला खोचलेली, तोंडात बडीशेप, आणि काठीकडे बघताना एक शब्द नाही. आम्ही चुकीचा आकडा वाचला तरी बोलायच्या नाहीत. नुसत्या बघत राहायच्या. आपण पुन्हा वाकून बघायचो आणि बरोबर वाचायचो. एकदा मी विचारलं, "मगाशीच का नाही सांगितलंत?" तर म्हणाल्या, "मी सांगितलं असतं तर तू माझा आकडा लिहिला असतास." रविवारी वही त्यांच्याकडे जायची. प्रत्येक पानाखाली त्या सही करायच्या, नं. कीर, आणि तारीख.

श्रावण नीट पार पडला. मग आले गणपती.

कोकणातल्या माणसाला गणपतीला घरी न जाण्याचं कारण सांगून बघा. मरण सोडून दुसरं चालत नाही, आणि तेही स्वतःचं असलं तर. तृतीयेलाच अक्षय हेदवीला पळाला. मॅडमच्या घरी पाहुण्यांची जत्रा. त्या चार दिवसांत भरती दुपारी तीन ते सव्वापाच अशी येणार होती, म्हणजे पाळी आमची. मी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "मी आहे मॅडम, मी गौरींना जाईन गावी, तोपर्यंत बघते." तृतीयेला संध्याकाळी माझ्या बाबांचा फोन आला, चुलतकाका मुंबईहून गाडी घेऊन येतायत, तुला न्यायला रत्नागिरीपर्यंत येणार, तयार राहा. मी तयार राहिले. आरत्या म्हटल्या, फुगड्या घातल्या, पातोळे खाल्ले. भरती आठवलीच नाही असं नाही. आठवली, आणि उद्याचं उद्या बघू म्हणून दुसरा पातोळा घेतला.

अष्टमीला परत येताना एस्टीत बसून मी वही काढली. चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार, सहा पाऊण साडेचार, सात पाऊण सव्वापाच. आकडे फार गुळगुळीत दिसू नयेत म्हणून एकात तीन मिनिटं वाढवली, एकात चार कमी केली. दोन वेगवेगळी पेनं वापरली. एका पानावर बाटलीतलं पाणी शिंपडलं, पाऊस पडला असता तर पडलं असतं तेवढंच. इतकी अक्कल मी परीक्षेत लावली असती तर पहिली आले असते. रविवारी मॅडमनी वही बघितली, सही केली. मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यातली गंमत तेव्हा माझ्या ध्यानातही आली नाही. पाऊणकी खरी आहे का हे तपासण्यासाठी मी पाऊणकीच करून आकडे लिहिले होते. दूध शुद्ध आहे का हे गवळ्यालाच विचारावं तसं.

कार्तिक संपला. संमेलनाला पाठवायचा सारांश मॅडमनी लिहून पाठवूनही दिला, त्यात "अखंड नोंदी" असा शब्द होता. आमची निवडही झाली. कॉलेजातून बीएस्सीच्या मुलांचं काम विद्यापीठापर्यंत जाण्याची ती पहिलीच वेळ. सावंत सरांनी पेढे वाटले. मुलाखतीची तारीख संमेलनानंतर महिन्याभरानं होती, आणि सर येता जाता मॅडमना म्हणायचे, "आता बघ, आता बघ."

मग एका दुपारी मॅडमनी मला एकटीला बोलावलं. टेबलावर आलेखाचा मोठा कागद पसरलेला. खाली तिथी, वर पाऊणकीची वेळ आणि खरी वेळ यांतला फरक. त्या नेहमीसारख्याच बोलल्या, आवाज जरा खालचा.

"हे बघ. पौर्णिमा-अमावास्येला पाऊणकी जमते. मग पंचमी-षष्ठीकडे समुद्र लवकर यायला लागतो. श्रावणातल्या दोन्ही षष्ठ्या बघ, आश्विनातल्या बघ, कार्तिकातल्या बघ. दर वेळी लवकर. अष्टमीच्या पुढे पुन्हा रेंगाळत जुळवून घेतो. किती सुंदर आहे बघ हे! बाबांच्या आजाला कळलं नाही ते तुम्हा पोरांना कळलं."

"हो मॅडम."

"आणि ही भाद्रपदातली शुद्ध षष्ठी." त्यांनी बोट ठेवलं. "बाकीच्या सगळ्या षष्ठ्यांना समुद्र लवकर येतो, भाद्रपदातच तेवढा पाऊणकी पाठ करून आला?"

त्या धक्क्यावर बघत राहायच्या तशाच बघत राहिल्या. मग मी रडायला लागले आणि सगळं सांगितलं, दोन पेनांसकट. पाणी शिंपडल्याचं सांगितलं तेव्हा त्यांच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. त्या हसल्या की त्यांना लागलं, मला अजून सांगता येत नाही.

सावंत सरांना बोलावलं. सरांनी आलेख पाहिला, मला पाहिलं, खुर्चीत बसले. "नंदा, चार नोंदी आहेत. शंभरांत चार. सारांश जाऊन बसलाय. कोण बघणार आहे? संमेलन झालं की तुझी मुलाखत आहे. आता तिथे पत्र पाठवून आमच्या नोंदी खोट्या म्हणून कळवणार?"

"सर, ते चार दिवस समुद्र काय करत होता ते मला माहीत नाही. माहीत आहे असं पोरांना तिथे उभं राहून सांगायला लावू?"

"मी पोरांचं नाही बोलत, तुझं बोलतोय. नऊ वर्षं झाली तुला."

"मोजलीयत सर मी ती," मॅडम म्हणाल्या.

मॅडमनी वही उघडली आणि लाल पेनानं चारही ओळींवर एकेक सरळ रेघ ओढली. मी खोडरबरसारखी पुढे सरकून म्हटलं, पान फाडून टाकू का. "नाही. खोडलेलं खाली वाचता आलं पाहिजे. कोणी, काय, का, सगळं दिसलं पाहिजे." बाजूला त्यांनी लिहिलं, 'गणपती. नोंद घेतलेली नाही.' खाली मला सही करायला लावली आणि मग स्वतः केली. आयोजकांना पत्र गेलं, दुरुस्त तक्ता गेला.

मला वाटलं होतं आता मला काढतील. मी म्हटलंही, "अक्षय एकटा सांगेल मॅडम, मी नाही येत."

"का? बाकीच्या शंभर दिवसांचं ऊन तू खाल्लंस ना? ते काय त्याला देऊन टाकणार आहेस?"

संमेलन दुसऱ्या जिल्ह्यात होतं. मीच बोलले. परीक्षकांमध्ये एक घाटावरचे सर होते, कडक. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, "हे चार दिवस काय झालं?"

"गणपती होते सर."

सगळा हॉल हसला. ते हसले नाहीत. "विज्ञानाला सुट्टी असते का?" मागून तो धक्क्यावरचा आवाज आला. "विज्ञानाला नसते सर, विद्यार्थ्यांना असते. म्हणून जागा रिकामी ठेवलीय." परीक्षकांनी काहीतरी लिहून घेतलं. आमचा नंबर आला नाही. उत्तेजनार्थही नाही. परतीच्या प्रवासात मॅडमनी डब्यातली घावनं काढले आणि त्या अक्षयशी खाडीच्या तोंडाशी आणि आतल्या बाजूला भरतीच्या वेळेत फरक पडेल का यावर वाद घालत बसल्या. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. मध्येच एक घावन माझ्या मांडीवर येऊन पडलं.

महिन्याभरानं मुलाखती झाल्या. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. कायमचा माणूस आल्यावर तासिकांची गरज उरली नाही, आणि जूनमध्ये मॅडमना बोलावणं आलं नाही. मी तोवर निकाल घेऊन पुण्याला गेले होते. अक्षयनं फोनवर सांगितलं, मॅडम मंडणगडला एका शाळेत अकरावी-बारावीला लागल्यात. मंडणगड म्हणजे जिल्ह्याचं पार वरचं टोक, सगळे डोंगर. मी फोन हातात घेऊन बसले आणि त्यांना लावला नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतर पाच वर्षं नाही. वाढदिवसाला नुसता संदेश पाठवायचे, त्यांचं दोन शब्दांचं उत्तर यायचं. पुण्यात मी मोजमापाची उपकरणं तपासून देणाऱ्या कंपनीत आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते. आकडा फार सरळ आला की मला संशय येतो, आणि तो कुठून येतो हे मी ऑफिसात कोणाला सांगितलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी मावसबहिणीचं लग्न मंडणगडला निघालं. आदल्या दिवशी दुपारी मी कोणाला न सांगता शाळेत गेले. मॅडम व्हरांड्यात उभ्या होत्या. केस बरेच पांढरे झालेले, चष्मा आलेला. पायात त्याच जातीच्या चपला.

"काय गो, जाड झालीस," त्या म्हणाल्या. जणू आपण कालच भेटलो होतो.

बाबांचं विचारलं. ते दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत, षष्ठी-सप्तमीला समुद्र लवकर येतो हे आमच्या नंदानं शोधून काढलं म्हणून धक्क्यावर सांगत असत. मग बोलायचं काही उरलं नाही, म्हणजे जे बोलायला आले होते तेच उरलं. मी म्हटलं, "मॅडम, माझ्यामुळे तुमची जागा गेली."

त्यांनी चष्मा काढला, ओढणीनं पुसला. "हे पाच वर्षं घेऊन बसलीस?"

"हो."

"मुलाखतीत तो तक्ता निघाला. एकांनी विचारलं, या चार नोंदी का खोडल्या. म्हटलं, खोट्या होत्या. म्हणाले, विद्यार्थ्यांनी केलं वाटतं हे. मी म्हटलं, लिहिल्या विद्यार्थिनीनं. पण धक्का माझ्या घरापासून दोनशे पावलांवर. त्या चार दिवसांत मी एकदाही खाली उतरले नाही. घरात पाहुणे, मी मोदक वळत होते. आणि नंतर तीन-चार महिने त्या पानाखाली माझी सही होती. मग चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा."

"हे तुम्ही तिथे सांगितलंत? मुलाखतीत?"

"विचारलं त्यांनी."

"नसतं सांगितलं तर…"

"तर मिळाली असती, किंवा नसती. दुसऱ्याचे शोधनिबंधही माझ्यापेक्षा जास्त होते. कोण सांगणार आता?" त्यांनी चष्मा घातला. "वाईट वाटलं गो मला. खूप वाटलं. पुढे वर्षभर मी कॉलेजच्या रस्त्यानं गेले नाही. पण तुझा राग नाही आला. आला असता तर मीच फोन करून झापली असती, मला काय कमी आवाज आहे?"

मला रडू फुटणार तेवढ्यात घंटा झाली. मॅडमनी माझा हात धरला आणि सरळ बारावीच्या वर्गात नेलं. तीस-चाळीस मुलं-मुली उभी राहिली. "बसा. ही रूपाली. माझी सहकारी. आम्ही दोघी आणि आणखी एकजण, तिघांनी मिळून समुद्राची भरती मोजली होती. मोजताना चूक कशी होते हे तिच्याइतकं चांगलं कोणी सांगणार नाही. आज तास ती घेईल." एवढं बोलून त्या शेवटच्या बाकावर दोन मुलींच्या मध्ये दाटीनं जाऊन बसल्या.

सहकारी. मी खडू उचलला. मग मी सांगायला लागले, पाइपचं, पट्टीचं, गणपतीचं, काकांच्या गाडीचं, दोन पेनांचं. पहिल्यांदाच मोठ्यानं सांगत होते. मुलं कान देऊन ऐकत होती, कारण त्यांच्यातल्या एकानंही कधी गणपती चुकवला नव्हता. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"ताई, तुम्ही गावी गेलात. पण धक्का मॅडमच्या घराजवळ होता ना? मग मॅडम काय करत होत्या?"

मी मागे पाहिलं. मॅडम दोन्ही कोपरं बाकावर टेकून, हनुवटी तळहातात धरून, माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. वाचवायला येणार नव्हत्या, मला नाही आणि स्वतःलाही नाही.

"मॅडम मोदक वळत होत्या," मी म्हटलं.

वर्गात हशा उसळला. पोरं बाक बडवत होती, बाजूच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. आणि त्या सगळ्या गोंधळाच्या वर, मान मागे टाकून, डोळ्यांतलं पाणी पुसत, कीर मॅडम हसत होत्या.